आचरेकरांच्या नावाआड लपू नका

मुलांना खेळ शिकवणाऱ्या प्रशिक्षकाला किमान शिक्षणाची अट असावी, असं कुणी म्हटलं की समोरून एक प्रश्न हमखास येतो: ‘आचरेकर सरांनी कुठला डिप्लोमा केला होता?’ विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, वाद मिटवायचा असतो. पाठोपाठ ठरलेली विधानं येतात. चांगला कोच जन्मावा लागतो. जो वरच्या पातळीवर खेळला तोच शिकवू शकतो. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा कागद घेऊन आलेल्यांना मैदानावर काही सुचत नाही. क्लबांच्या बैठकींत, संघटनांच्या कचेऱ्यांत, नेटबाहेर खुर्च्या टाकून बसलेल्या पालकांत ही विधानं इतक्यांदा झाली आहेत की ती तपासून पाहावीत असं कुणाला वाटत नाही. ती इथे तपासायची आहेत. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. प्रशिक्षक जे शिकलेला असतो ते त्याला मैदानावर दिसतं. जे शिकलेला नसतो ते डोळ्यांसमोर घडूनही दिसत नाही, आणि त्याची किंमत पोरं मोजतात.

आधी आचरेकरांचंच घेऊ. सचिन तेंडुलकरचे गुरू रमाकांत आचरेकर आयुष्यात एकच प्रथम दर्जाचा सामना खेळले, १९६३ साली, स्टेट बँकेकडून, हैदराबादच्या मोईनुद्दौला स्पर्धेत. म्हणजे ‘वरच्या पातळीवर खेळलेलाच शिकवू शकतो’ हे विधान खरं असेल, तर आचरेकरांना कोचिंगचा अधिकारच नव्हता. आणि आचरेकर थोर प्रशिक्षक होते हे मान्य असेल, तर ते विधान खोटं ठरतं. दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगणाऱ्याने यातली एक निवडावी.

मग आचरेकर शिकले कुठे? शिवाजी पार्कवर, कांगा लीगच्या ओल्या खेळपट्ट्यांवर, बँकेच्या क्रिकेटमध्ये, आणि वर्षानुवर्षं हजारो मुलांची बॅट खाली येताना पाहण्यात. त्यांच्यापाशी डिप्लोमा नव्हता म्हणून शिक्षण नव्हतं, हा निष्कर्ष घाईचा आहे. दीर्घ उमेदवारी हेही शिक्षणच, फक्त फार हळू होणारं. त्यांच्या पद्धतीकडे नीट पाहिलं तर ते कळतं. नेटमध्ये एकच फटका शंभरदा मारून घेण्यापेक्षा त्यांचा भर सामन्यांवर होता. एका मैदानावर बाद झालेल्या सचिनला स्कूटरवर बसवून ते दुसऱ्या मैदानावर खेळायला न्यायचे. प्रत्येक वेळी गोलंदाज वेगळा, खेळपट्टी वेगळी, धावफलक वेगळा. शिया आणि मॉर्गन या अमेरिकी संशोधकांनी १९७९ साली प्रयोगातून दाखवलं की एकच कृती सलग घोटण्यापेक्षा वेगवेगळ्या कृती मिसळून केलेला सराव त्या क्षणी अवघड जातो, चुका जास्त होतात, पण शिकलेलं जास्त टिकतं. आचरेकरांना हे अनुभवातून उमगलं होतं. पुढे शारीरिक शिक्षणाच्या पुस्तकांत ते आलं, त्यामुळे ते शिकायला आता कुणाला तीस वर्षं शिवाजी पार्कवर उभं राहायची गरज उरली नाही. ज्ञान लिहून ठेवण्याचा आणि शिकवण्याचा उपयोग हाच असतो.

आणि आचरेकरांची नक्कल करणाऱ्यांनी त्यांच्याकडून काय उचललं? ओरडणं उचललं. कान पिळणं उचललं. स्टंपवर ठेवलेलं रुपयाचं नाणं उचललं. कोणत्या मुलाला कधी सामन्यात ढकलायचं आणि कोणाला आठवडाभर नेटमध्येच ठेवायचं, हा त्यामागचा निर्णय मात्र उचलता आला नाही, कारण तो का घेतला जातो हे कुणी शिकवलंच नव्हतं. एखादी रीत चालते हे ठाऊक असणं आणि ती का चालते हे ठाऊक असणं यांत फरक आहे. पहिल्याला ती फक्त जशीच्या तशी वापरता येते. दुसऱ्याला ती समोरच्या पोरापुरती बदलता येते.

या युक्तिवादात आणखी एक चलाखी आहे. तेंडुलकर, कांबळी, आमरे, आगरकर ही नावं आपल्याला माहीत आहेत, कारण ते पोहोचले. राज्यभर गेल्या चाळीस वर्षांत किती मुलांची पाठ सोळाव्या वर्षी गेली, किती जणांचा खांदा कायमचा दुखावला, किती मुली ‘जमत नाही’ असं ऐकून घरी बसल्या, याची यादी कुणी ठेवलेली नाही. यशस्वी शिष्य दाखवून गुरूची पद्धत सिद्ध करायची असेल, तर अयशस्वी शिष्यांची नावंही त्याच वहीत लिहावी लागतील.

दुसरं विधान: मोठा खेळाडू तोच मोठा शिक्षक. ग्रेग चॅपेल ऑस्ट्रेलियाच्या सर्वकालीन थोर फलंदाजांपैकी एक. कसोटीत सात हजारांवर धावा, २४ शतकं. २००५ ते २००७ या काळात ते भारताचे प्रशिक्षक होते. तो काळ कसा गेला आणि २००७ च्या विश्वचषकात संघ पहिल्याच फेरीत कसा बाहेर पडला, हे आपल्या वाचकाला सांगायला नको. त्याच विश्वचषकात जिंकलेल्या ऑस्ट्रेलियाचे प्रशिक्षक होते जॉन ब्युकॅनन. क्वीन्सलँडसाठी प्रथम दर्जाचे अवघे सात सामने खेळलेले, विद्यापीठात शिकवलेले. त्यांच्या कारकिर्दीत ऑस्ट्रेलियाने दोन विश्वचषक जिंकले. यावर लगेच कुणी म्हणेल, पाँटिंग, मॅकग्रा, गिलख्रिस्ट असले की कुणीही जिंकेल. शेन वॉर्नसुद्धा असंच काहीसं म्हणत असे. ठीक, श्रेय हवं तेवढं कापा. तरीही सात सामने खेळलेला माणूस जगातल्या सर्वोत्तम संघाच्या ड्रेसिंग रूममध्ये आठ वर्षं टिकतो, एवढं तरी उरतंच.

भालाफेकीचं उदाहरण अधिक बोलकं आहे. उवे हॉन हा १०० मीटरपलीकडे भाला फेकणारा इतिहासातला एकमेव माणूस. १९८४ मध्ये १०४.८० मीटर. जुन्या बनावटीचा भाला त्यानंतर बदलला गेला, त्यामुळे तो आकडा तसाच राहणार. हॉन नीरज चोप्राचा प्रशिक्षक होता आणि २०१८ ची राष्ट्रकुल आणि आशियाई सुवर्णपदकं त्याच्याच काळातली. ते नाकारायचं कारण नाही. पण २०१९ मध्ये नीरजच्या कोपरावर मुंबईत शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर त्याच्यासोबत उभा राहिला तो क्लाउस बार्टोनिट्झ, ज्याची ओळख जैवयांत्रिकीचा तज्ज्ञ अशी होती. म्हणजे हाडं, सांधे, स्नायू यांवर कुठल्या क्षणी किती भार येतो, याचा अभ्यास हा त्याचा विषय. कापलेल्या कोपराला पुन्हा भाला फेकायला शिकवताना विश्वविक्रमाची आठवण उपयोगी पडत नाही. खांदा किती उघडला की कोपरावरचा ताण कमी होतो, हे माहीत असावं लागतं. टोकियोचं सुवर्ण, २०२३ चं जगज्जेतेपद आणि पॅरिसचं रौप्य ही सगळी या जोडीची कमाई.

थोर खेळाडूची अडचण अशी की त्याचं बरंचसं कसब त्याला स्वतःलाच ठाऊक नसतं. चेंडू सुटताक्षणी त्याचा पाय आपोआप हलतो. तो का हलला हे विचारलं तर तो सांगतो, पण ते सांगणं बहुधा नंतर रचलेलं असतं. शिवाय त्याच्यासमोर एकच नमुना असतो, स्वतःचा. आपल्याला जे सहज जमलं ते समोरच्याला जमत नाही म्हणजे पोरगा आळशी आहे, हा निष्कर्ष तो प्रामाणिकपणे काढतो. ज्याला खेळ कष्टाने, तुकड्यातुकड्याने शिकावा लागला, किंवा दुसऱ्याला शिकवण्याचं शास्त्र ज्याने अभ्यासलं, त्याच्याकडे एकाहून अधिक वाटा असतात.

हे सगळं परदेशातलं झालं, आपल्याकडे चालत नाही, असं म्हणणाऱ्यांना हैदराबादच्या एका शाळामास्तराची ओळख करून द्यायला हवी. सय्यद अब्दुल रहीम, जन्म १९०९. उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर, पुढे शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रम केलेले, पेशाने शिक्षक. हैदराबाद सिटी पोलीस हा त्यांचा फुटबॉल संघ. मुंबईच्या कूपरेजवर रंगणारा रोव्हर्स चषक या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं नेला. मुंबईकरांनी या मास्तरांचं काम असं घरबसल्या पाहिलं होतं. भारतीय संघ त्यांच्याच हाताखाली १९५१ मध्ये दिल्लीत आणि १९६२ मध्ये जकार्तात आशियाई सुवर्ण जिंकला आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला. तिथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसूझा मुंबईचा.

रहीम काम कसं करत, हे पाहण्यासारखं आहे. मुलं चेंडू पायात घोळवत बसतात हे दिसल्यावर त्यांनी चेंडू घोळवायची बंदी असलेल्या छोट्या स्पर्धा भरवल्या. उजव्या पायाचेच खेळाडू तयार होतात हे दिसल्यावर दुबळ्या पायानेच खेळायच्या स्पर्धा भरवल्या. चुकीबद्दल शिव्या न घालता चूक करताच येणार नाही असा खेळ आखायचा, ही वर्गात शिकवलेल्या माणसाची बुद्धी आहे. पाठाचं उद्दिष्ट एक ठेवायचं, त्यासाठी कृती आखायची, मग तपासायचं: शिक्षक-प्रशिक्षणात पाठाचं टाचण काढायला शिकवतात ते हेच. १९५२ मध्ये हेलसिंकीला बहुतेक अनवाणी खेळलेला भारतीय संघ युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा हरला, तेव्हाही प्रशिक्षक रहीमच होते. त्यांनी त्या पराभवातून धडा घेतला आणि चार वर्षांनी मेलबर्न झालं. जकार्तात गटसामन्यात दक्षिण कोरियाकडून हार झाली होती. अंतिम सामन्यात त्याच कोरियाविरुद्ध, डोक्याला टाके पडलेल्या जर्नेल सिंग या बचावपटूला त्यांनी पुढे आघाडीवर खेळवलं, त्याने गोल केला आणि भारत २-१ जिंकला. पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, कर्करोगाने रहीम गेले. त्यानंतर आशियाई फुटबॉलमध्ये भारताला सुवर्ण मिळालेलं नाही. आपल्या फुटबॉलचा सर्वांत उजळ काळ एका पी.टी. मास्तराने घडवला, आणि आपण आजही पी.टी. मास्तर म्हणजे परेडला शिट्टी वाजवणारा माणूस समजतो.

ओ. एम. नंबियार यांची वाट वेगळी, पण दिशा तीच. हवाई दलातले धावपटू, आंतरराष्ट्रीय कारकीर्द न झालेले. त्यांनी पतियाळाचा डिप्लोमा केला आणि केरळच्या क्रीडाशाळेत रुजू झाले. तिथे त्यांच्या नजरेला पडलेली मुलगी म्हणजे पी. टी. उषा. १९८४ मध्ये महिलांची ४०० मीटर अडथळ्यांची शर्यत ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच येणार होती. उषाचा वेग आणि तिच्या पावलाची लांबी त्या शर्यतीला जुळते, हे ओळखून त्यांनी तिला तिकडे वळवलं. लॉस एंजेलिसमध्ये कांस्यपदक एक शतांश सेकंदाने हुकलं. पुढच्याच वर्षी द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला आणि पहिल्या मानकऱ्यांत नंबियार होते.

आता विरोधकांच्या भात्यातला सगळ्यांत चांगला बाण मीच काढून देतो: डच फुटबॉलपटू योहान क्रायफ. १९८५ मध्ये तो आयाक्सकडे आला तेव्हा त्याच्याकडे लागणारा परवाना नव्हता, म्हणून त्याला ‘तांत्रिक संचालक’ असं वेगळं पद द्यावं लागलं. पुढे बार्सिलोनात त्याने जे घडवलं त्यावर आजचं निम्मं फुटबॉल उभं आहे. कागदाशिवाय प्रतिभा, याचा याहून चांगला पुरावा कुठला? पण क्रायफ ज्याच्या हाताखाली घडला त्या रिनुस मिखेल्सकडे पाहा. मिखेल्स शारीरिक शिक्षणाचं शिक्षण घेतलेला व्यायामशिक्षक. अॅम्स्टरडॅममध्ये कर्णबधिर मुलांच्या शाळेत तो शिकवत असे. ज्यांच्यापर्यंत आवाज पोहोचत नाही अशा मुलांना मैदानावर जागा, अंतर आणि हालचाल समजावण्याचं काम त्याने केलं होतं. पुढे त्याच्या आयाक्सने आणि १९७४ च्या डच संघाने जागा आणि अंतर यांचाच खेळ करून जगाला थक्क केलं. एकाचा दुसऱ्यावर किती परिणाम झाला हे मोजता येणार नाही, पण क्रायफला परवान्याची गरज पडली नाही ती त्याच्या प्रशिक्षकाने ती आधीच भागवली होती म्हणून, एवढं म्हणायला हरकत नाही. गंगाजळी एका पिढीने साठवली की पुढच्या पिढीतला एखादा फुकट श्रीमंत होतो. तो अपवाद धोरण ठरत नाही.

पण वाद पदकांपुरता ठेवला तर खरा मुद्दा निसटतो. पदकापर्यंत हजारांतून एखादा जातो. बाकीच्या सगळ्यांचं शरीर प्रशिक्षकाच्या हातात असतं. तिथे अज्ञानाचा हिशेब वेगळ्या भाषेत होतो.

वेगवान गोलंदाज घ्या. पुढचा पाय आपटतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार त्या पायातून कमरेत चढतो. त्याच क्षणी गोलंदाज मागे झुकलेला, एका बाजूला वाकलेला आणि पिळलेला असतो. पाय आणि कंबर एका दिशेला, खांदे दुसऱ्या दिशेला अशी मिश्र शैली असेल तर कमरेच्या मणक्याच्या नाजूक भागाला बारीक चीर जाण्याचा धोका वाढतो. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठात ब्रूस एलियट आणि डॅरिल फॉस्टर यांनी हे अभ्यासून दाखवलं. फॉस्टर हे प्राध्यापक तर होतेच, पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या संघाचे यशस्वी प्रशिक्षकही होते. मणक्याचा तो भाग कोवळ्या वयात पुरता टणक झालेला नसतो. डेनिस लिलीसारख्याची पाठ १९७३ मध्ये अशीच मोडली. त्याला पुन्हा उभं केलं ते फ्रँक पाइक या शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासकाने आखलेल्या कार्यक्रमाने. १९७४-७५ च्या मोसमात लिलीने इंग्लंडला जेरीस आणलं. चेन्नईत वेगवान गोलंदाज घडवायला आलेला हा महान खेळाडू स्वतः एका शिक्षित माणसामुळे वाचला होता, ही गोष्ट ‘खेळलेलाच शिकवतो’वाल्यांनी लक्षात ठेवावी.

आता आपल्या तालुक्याच्या मैदानावर या. चौदा वर्षांचा पोरगा म्हणतो, सर, मागे वाकलं की कमरेत एका बाजूला दुखतं. शिकलेला प्रशिक्षक त्याच मिनिटाला चेंडू काढून घेतो आणि डॉक्टरकडे पाठवतो. न शिकलेला म्हणतो, स्ट्रेचिंग कर, स्प्रे मार, उद्या मॅच आहे. दोघांचंही पोरावर प्रेम आहे. फरक हेतूचा नाही. एकाला त्या वाक्यात धोक्याची घंटा ऐकू येते, दुसऱ्याला कुरकुर.

तेराव्या-चौदाव्या वर्षी उंची झपाट्याने वाढते. हातपाय लांब होतात, तोल बदलतो, काही महिने पोराला स्वतःचंच शरीर परकं वाटतं. कालपर्यंत जमणारा झेल सुटतो, धावताना पाय अडखळतात. गुडघ्याखालचं हाड दुखू लागतं. हे वाढीचं लक्षण आहे, थोडा भार कमी करून वाट पाहायची असते. ते ज्याला माहीत नाही तो म्हणतो, हल्ली लक्ष नाही, मोबाइल बंद करा याचा. आणि नेमक्या याच वयात निवड होते. लवकर वाढलेला मुलगा वेगवान दिसतो, उशिरा वाढणारा दुबळा दिसतो. रॉजर बार्न्सली या मानसशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये कॅनडातल्या आइस हॉकीपटूंच्या जन्मतारखा मांडून दाखवलं की वयोगटाच्या वर्षारंभी जन्मलेल्यांचीच निवडीत गर्दी होते. काही महिने मोठं असणं ‘गुणवत्ता’ म्हणून खपून जातं. आपल्या किती निवडकर्त्यांना हे माहीत आहे?

मुलींच्या बाबतीत तर अंधारच. सराव वाढला, खाणं पुरेना, पाळी थांबली. जुन्या प्रशिक्षकांत ही चांगल्या मेहनतीची खूण समजली जायची. खरं तर शरीर उपाशी आहे आणि हाडं ठिसूळ होऊ लागली आहेत, याची ती सूचना असते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला रीतसर नाव देऊन इशारा दिला. पण हा विषय मुलीशी किंवा तिच्या आईशी बोलायचा कसा, हे शिकवलं गेलं नसेल तर पुरुष प्रशिक्षक तो टाळतो, आणि टाळणं म्हणजे सभ्यता असं समजतो. ‘सरावात पाणी पिऊ नका, दम जातो’ हा मंत्रही अजून मेलेला नाही. विदर्भातल्या एप्रिलमध्ये तो जीवघेणा ठरू शकतो.

इथे कुस्तीचा दाखला दिला जातो. वस्तादांनी कुठली पदवी घेतली, आणि कोल्हापूरच्या तालमींनी मल्ल घडवले की नाही? घडवले, आणि ते शिक्षणातूनच घडवले. पोरगा वर्षानुवर्षं तालमीत राहतो, माती खणतो, खुराक कसा चढवायचा ते पाहतो, थोरल्यांच्या अंगाला मालिश करताना स्नायू ओळखायला शिकतो. वस्ताद होण्याआधी माणूस तिथे अर्धं आयुष्य शिकत असतो. तालमीची परंपरा ‘शिक्षण नको’ म्हणणाऱ्यांच्या बाजूची साक्ष देत नाही. पण त्या शिक्षणाची सीमा मातीपर्यंत होती. मॅटवरची कुस्ती वजनगटांची आहे, आणि वजन तोडण्याचं शास्त्र मातीने शिकवलं नव्हतं. अमेरिकेत १९९७ च्या अखेरीस वजन उतरवण्याच्या नादात तीन महाविद्यालयीन मल्ल मेले, तेव्हा तिथले नियम बदलले. पॅरिसमध्ये विनेश फोगाट १०० ग्रॅमसाठी अपात्र ठरली, आणि तिच्याभोवती तज्ज्ञांचा ताफा होता. तज्ज्ञ असताना जे हातून निसटतं, ते जिल्हा स्पर्धेच्या आदल्या रात्री प्लास्टिकचे कपडे घालून पळणाऱ्या पोराच्या बाबतीत कोण सांभाळणार?

तिसरं विधान: कागदवाल्यांना मैदानावर काही सुचत नाही. हे निम्मं खरं आहे, आणि खरं आहे ते मान्य केलं पाहिजे. पतियाळाच्या मोतीबाग राजवाड्यात १९६१ पासून राष्ट्रीय क्रीडा संस्था चालते. तिथला वर्षभराचा डिप्लोमा वेगळा आणि सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम वेगळा, पण गावातल्या फलकावर दोन्हींचं ‘एन.आय.एस. कोच’ होतं. प्रमाणपत्र घेतलं की आयुष्यभर पुन्हा पुस्तक न उघडणारे आहेत. उलट, शिक्षण माणसाला कधी कधी आंधळंही करतं. ज्या ब्युकॅनन यांचं मी वर कौतुक केलं, त्यांनी २००९ च्या आयपीएलमध्ये कोलकात्याच्या संघासाठी एकाहून अधिक कर्णधारांची कल्पना मांडली. कागदावर ती सुबक असेल, पण संघ आठांत शेवटचा आला. आकडेशास्त्र शिकलेल्याला सगळीकडे आकडे दिसतात, शरीरशास्त्र शिकलेल्याला सांधे दिसतात, मानसशास्त्र शिकलेल्याला भीती दिसते. प्रत्येक शिक्षणाला आपला एक तिरका कोन असतो.

पण यातून निघतं काय? शिक्षण प्रशिक्षकाच्या कामाला आकार देतं, हेच तर यातून सिद्ध होतं. फुटबॉल प्रशिक्षक झोझे मोरिन्यो लिस्बनमध्ये क्रीडाविज्ञान शिकला, शाळेत शिकवलं, आणि त्याच्या सरावात चेंडूशिवाय नुसतं धावण्याचा वेगळा तास नसे, कारण पोर्तुगालमधल्या विद्यापीठीय परंपरेत दम, डाव आणि निर्णय एकत्रच शिकवावेत असा विचार रुजलेला होता. पॅडी अप्टन क्रीडाविज्ञान शिकून मानसिक तयारीकडे वळला, आणि २०११ चा आपला विश्वविजेता संघ, पॅरिसमध्ये कांस्य जिंकलेला हॉकी संघ आणि जगज्जेता होण्याआधीचा गुकेश या तिघांबरोबर त्याने काम केलं, तिन्ही खेळांत स्वतः मोठा खेळाडू नसताना. म्हणून ‘शिक्षण हवं की नको’ हा प्रश्नच चुकीचा आहे. कुठलं शिक्षण, किती काळाचं, आणि त्यातून सुटलेला कोपरा कोण भरून काढणार, हे प्रश्न विचारायचे असतात.

इटलीने त्याचं उत्तर बरंच आधी शोधलं. फ्लॉरेन्सजवळच्या कोव्हेरचानो केंद्रात वरच्या पातळीच्या प्रशिक्षकाला प्रबंध लिहावा लागतो. खेळाडू म्हणून दोनदा युरोपियन चषक जिंकलेल्या कार्लो अँचेलोत्तीनेही तो लिहिला, फुटबॉलच्या भविष्यावर. त्याला तो कमीपणा वाटला नाही. आपल्याकडे दोन रणजी सामने खेळलेल्याला ‘कोर्स कर’ म्हटलं की अपमान वाटतो.

शेवटचा आक्षेप सगळ्यांत प्रामाणिक आहे, म्हणून त्याला पूर्ण उत्तर द्यायला हवं. अट घातली तर आदिवासी पाड्यावर, लहान गावात स्वतःच्या खिशातून खो-खो आणि कबड्डी शिकवणारा माणूस बाहेर फेकला जाईल, आणि शहरातल्या पैसेवाल्या अकादम्या उरतील. ही भीती खरी आहे. पण मग अभ्यासक्रम त्याच्यापर्यंत न्या. आइसलँडची लोकसंख्या आपल्या एखाद्या मध्यम शहराएवढीही नाही. तिथल्या फुटबॉल संघटनेने युरोपीय परवान्यांचे अभ्यासक्रम देशभरच्या प्रशिक्षकांच्या आवाक्यात आणले. लहान मुलांनाही परवानाधारक प्रशिक्षक शिकवू लागले. २०१६ मध्ये त्यांनी युरो स्पर्धेत इंग्लंडला हरवलं. त्या संघाच्या दोन प्रशिक्षकांपैकी एक, हाइमिर हॅल्ग्रिमसन, पेशाने दंतवैद्य होता. खेळातून पोट न भरणाऱ्या माणसालाही शिकता यावं अशी सोय होती, म्हणून दंतवैद्य विश्वचषकापर्यंत गेला. आपल्याकडे अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे, पुण्यात आगाशे महाविद्यालय आहे. शिकवणारे आहेत. त्यांनी शनिवार-रविवारी जिल्ह्याच्या गावी जावं, फी सरकारने आणि संघटनांनी भरावी, आणि जुन्या प्रशिक्षकाचा अनुभव अभ्यासक्रमात मोजला जावा. पाड्यावरच्या सरांना शिकायचं नाही असं कुणी ठरवलं? त्यांना विचारलंय कधी?

आज मुलांना खेळ शिकवण्याचा व्यवसाय सुरू करायला कायद्याने कसलाही परवाना लागत नाही. चार नेट, एक फलक आणि एक मोठ्या खेळाडूबरोबरचा फोटो पुरतो. हे बदलण्यासाठी राज्य संघटनांनी तीन गोष्टी ताबडतोब कराव्यात. सोळा वर्षांखालच्या मुलामुलींना शिकवणाऱ्या प्रत्येकाला वाढीचं शास्त्र, दुखापत, प्रथमोपचार आणि मुलांची सुरक्षितता यांचा टप्प्याटप्प्याने पूर्ण करता येणारा अभ्यासक्रम सक्तीचा करावा. तो परवाना दर तीन वर्षांनी नव्याने मिळवावा लागावा. आणि इंग्लंडने वेगवान गोलंदाजांसाठी वयानुसार षटकांची मर्यादा घातली तशी इथेही घालून तिची नोंदवही तपासावी. माजी खेळाडूंचं स्वागतच आहे, पण त्यांनीही याच दारातून यावं.

पालकांनी मात्र संघटनांची वाट पाहू नये. अकादमीचा फॉर्म भरताना सर कुठल्या संघाकडून खेळले हे विचारता, त्यासोबत आणखी चार प्रश्न विचारा. तुम्ही काय शिकलात आणि शेवटचा अभ्यासक्रम कधी केलात? माझा मुलगा आठवड्यात किती चेंडू टाकणार, आणि ते लिहून कोण ठेवणार? त्याची उंची वाढायला लागली की सरावात काय बदल करणार? माझ्या मुलीला काही सांगायचं असेल तर ती कुणाशी बोलेल? उत्तरं साधी असली तरी चालतील, पण असली पाहिजेत. आणि उत्तराऐवजी ‘आचरेकर सरांनी कुठला डिप्लोमा केला होता’ हे ऐकू आलं, तर फी भरू नका.